दोनदा नैराश्य येऊन गेलंय: एमबीसीटी करावी की इगतपुरीला जावं?

प्रश्न थोडक्यात असा: वय ३६, पुण्यात आयटीत नोकरी. सहा वर्षांत दोनदा नैराश्य आलं. गेले आठ महिने बरं वाटतंय, गोळी चालू आहे. मानसोपचारतज्ज्ञांनी आता ‘एमबीसीटी’ (माइंडफुलनेस-बेस्ड कॉग्निटिव्ह थेरपी) हा ध्यानावर आधारलेला आठ आठवड्यांचा कोर्स सुचवलाय. घरचे म्हणतात, त्यापेक्षा इगतपुरीला जाऊन दहा दिवसांची विपश्यना करून ये, मूळ तेच आहे आणि फीही नाही. दोन्ही एकच का? आणि घरी यूट्यूब लावून वीस मिनिटं बसलं की पाचव्या मिनिटाला छाती धडधडायला लागते, त्याचं काय करायचं?

आधी धडधडीचं बघू, कारण ती रोज होतेय.

‘श्वासाकडे लक्ष द्या’ असं ऐकलं की बहुतेक माणसं श्वास बघत नाहीत, श्वास ‘करायला’ लागतात. लांब, खोल, नीट. आपल्याकडे शाळेच्या पीटीच्या तासापासून ‘दीर्घ श्वास घ्या’ हेच कानावर पडलेलं, त्यामुळे हमखास. शरीराला लागतो त्यापेक्षा जास्त श्वास चार-पाच मिनिटं घेत राहिलं की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो. मग डोकं हलकं होणं, ओठांना-बोटांना मुंग्या, छातीत धडधड असं सगळं ओळीनं येतं. तुमचं पाचवं मिनिट या हिशेबात चपखल बसतं. त्यात पूर्वी कधी घबराटीचे झटके येऊन गेले असतील, तर लक्ष छातीवर गेल्या गेल्या मन विचारतं, ‘हे काय होतंय?’ आणि त्या प्रश्नानेच ठोके आणखी वाढतात. शांत व्हायला बसल्यावर काहींची अस्वस्थता वाढते, हे संशोधकांनी १९८३ सालीच नोंदवलंय. सकाळचा कडक चहा पिऊन लगेच बसत असाल तर तोही हिशेबात धरा.

उपाय: दोन आठवडे श्वास सोडून द्या. म्हणजे त्याच्याकडे बघणं सोडून द्या. खुर्चीवर बसा, चपला काढून दोन्ही तळवे जमिनीवर टेकवा. डोळे मिटू नका, नजर तीन-चार फुटांवर फरशीकडे असू दे. लक्ष तळव्यांत. टाच कुठे दाबली जातेय, फरशी गार आहे का, मोज्याचं इलॅस्टिक कुठे काचतंय. पाच मिनिटं, दिवसातून दोनदा, त्याहून जास्त नाही. बसणंच जड जात असेल तर चाला: घरातल्या पॅसेजमध्ये दहा-बारा पावलं जायचं, थांबायचं, वळायचं, परत यायचं. नेहमीपेक्षा जरा हळू, पण मिरवणुकीत चालल्यासारखं नाही. वेताळ टेकडीवर जाऊन हे करायचा मोह होईल, पण सुरुवातीला नको. तिथे चढ आहे, दम लागतो आणि ओळखीचे भेटतात.

आवाजही चांगला आधार आहे. कर्वे रोडला घर असेल तर आवाज नाही अशी तक्रार तुम्ही करणार नाही. स्कूटर, कुकरची शिट्टी, वरच्या मजल्यावर ओढलेली खुर्ची. आवाज सुरू झाला, वाढला, संपला, एवढंच ऐकायचं. ‘रोज या वेळेला खुर्ची कशाला ओढतात?’ हा त्यापुढचा भाग. तिथे पोचलात हे लक्षात आलं की परत पुढच्या आवाजावर. लक्ष भटकणं ही चूक नाही. भटकलेलं कळणं आणि परत आणणं, हाच व्यायाम आहे.

तिसऱ्या आठवड्यात श्वासाकडे या, पण छातीवर नको. नाकपुडीच्या टोकाशी किंवा पोटावर हात ठेवून. श्वास आखूड असेल तर आखूडच राहू दे. ओढताय असं जाणवलं तर मनात ‘ओढतोय’ एवढंच म्हणा आणि पुन्हा तळव्यांकडे जा. मात्र ही धडधड जिना चढताना, झोपेत किंवा ध्यानाशी संबंध नसताना होत असेल तर आधी फिजिशियनकडे जाऊन ईसीजी, थायरॉइड आणि हिमोग्लोबिन बघून घ्या. थायरॉइड वाढलेला असताना माणूस ध्यानाला दोष देत बसतो.

गंमत म्हणजे ही दुरुस्ती नवी नाहीच. पाली भाषेतल्या आनापानसती सुत्तात, म्हणजे श्वासाच्या ध्यानावरच्या बुद्धाच्या उपदेशात, श्वासाच्या सोळा पायऱ्या सांगितल्यात. त्यातल्या पहिल्या दोन पायऱ्यांमध्ये साधक श्वास लांब असेल तर लांब आहे हे जाणतो, आखूड असेल तर आखूड आहे हे जाणतो. लांब कर असं सांगितलेलं नाही. श्वासाचं नियमन हे प्राणायामाचं काम, तो वेगळा प्रवाह. पतंजलींच्या योगसूत्रांत धारणा, ध्यान, समाधी असा क्रम आहे: चित्त एका जागी बांधायचं आणि तोच प्रवाह अखंड टिकवायचा. आपल्या मनातलं ध्यानाचं चित्र ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायाने आणि या परंपरेने घडवलंय: एकांत, स्थिर आसन, निश्चल मन. म्हणून वीस मिनिटांत विचार थांबले नाहीत की ‘मला जमत नाही’ असं वाटतं. बौद्ध परंपरेतल्या ‘सती’मध्ये विचार थांबवणं हे कामच नाही. सती म्हणजे संस्कृतात स्मृती. एखादी गोष्ट लक्षात असणं, भान असणं. इंग्रजांनी १८८१ च्या सुमारास त्याला ‘माइंडफुलनेस’ हा शब्द दिला आणि आपण तो परत आयात करून त्याचं ‘सजगता’ केलं. खरं तर मराठीत सोय आधीपासून होती. ‘ध्यानात ठेव’ म्हणताना आपण लक्ष आणि स्मृती एकाच शब्दात बांधतो, आणि ‘भानावर ये’ ही तर या थेरपीची अख्खी सूचना आहे.

मानसोपचाराने यातलं काय, कधी उचललं, हे कळलं की ‘दोन्ही एकच का?’ या तुमच्या प्रश्नाचं उत्तर अर्धं मिळतं.

सुरुवात संशयाने झाली. फ्रान्झ अलेक्झांडर या मनोविश्लेषकाने १९३१ साली बौद्ध साधनेची तुलना कृत्रिम कॅटाटोनियाशी, म्हणजे माणूस दगडासारखा निश्चल होऊन बसतो त्या आजाराशी केली. १९५७ मध्ये मेक्सिकोत मनोविश्लेषक एरिक फ्रॉम आणि झेन या जपानी बौद्ध पंथाचे अभ्यासक सुझुकी एकत्र बसले तेव्हा सूर बदलला होता, पण ती विद्वानांची चर्चा होती, रुग्णाच्या हातात त्यातून फारसं काही पडलं नाही. जपानात मात्र शोमा मोरिता विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून चिंतेच्या रुग्णांना सांगत होते की भीती घालवायच्या मागे लागू नका, ती असू द्या आणि समोरचं काम करा. आजच्या थेरपीची निम्मी भाषा तिथे सापडते.

आपल्या भागाचं योगदान फारसं कोणी सांगत नाही. लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम काढलं आणि योगक्रियांचे शरीरावर होणारे परिणाम प्रयोगशाळेत मोजायला सुरुवात केली. पुढे मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. एन. एस. वाहिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पतंजलींच्या पायऱ्यांवर आधारलेली उपचारपद्धती चिंता आणि मनोकायिक (मनाच्या ताणातून शरीरात उमटणाऱ्या) आजारांच्या रुग्णांवर वापरली. १९७३ मध्ये हे काम अमेरिकन नियतकालिकात छापून आलं. त्यातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट म्हणजे एका गटाला पूर्ण पद्धत दिली होती आणि दुसऱ्याला वरून तशीच दिसणारी, पण अर्धवट. ध्यानाच्या संशोधनात आजही अनेक ठिकाणी तुलनेला कोणी नसतं किंवा नुसती वेटिंग लिस्ट, म्हणजे उपचाराची वाट बघणारी माणसं असतात. हे काम पुढे तितकं पसरलं नाही याची हळहळ वाटते.

१९७० च्या दशकात अमेरिकेत भर होता शिथिलतेवर. हर्बर्ट बेन्सन यांनी महर्षी महेश योगींच्या साधकांच्या हृदयगती आणि श्वसनाचा अभ्यास केला, त्यातला मंत्र काढून त्या जागी कुठलाही साधा शब्द ठेवला आणि १९७५ मध्ये ‘रिलॅक्सेशन रिस्पॉन्स’ मांडला. रोज एक-दोनदा, दहा ते वीस मिनिटं. रक्तदाब, झोप यांसाठी ठीक. पण यात एक खोच आहे: शांत होणं हेच ध्येय ठरलं की शांत न होणं हे अपयश ठरतं. नैराश्यातून उठलेल्या माणसाला आणखी एक अपयश द्यायची गरज नसते.

वळण आलं १९७९ मध्ये. जॉन कबात-झिन हे मूळचे रेण्वीय जीवशास्त्रज्ञ. त्यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरच्या वैद्यकीय केंद्रात, ज्यांचं दुखणं औषधांनी थांबत नव्हतं अशा रुग्णांसाठी आठ आठवड्यांचा वर्ग काढला. तोच एमबीएसआर (माइंडफुलनेस-बेस्ड स्ट्रेस रिडक्शन). दुखणं घालवायचं नव्हतं. दुखणं आणि दुखण्याबद्दलची हाय वेगवेगळी करायला शिकवायचं होतं. त्यातलं ‘बॉडी स्कॅन’, म्हणजे आडवं पडून पायाच्या अंगठ्यापासून डोक्यापर्यंत एकेका भागावरून लक्ष फिरवणं, हे ब्रह्मदेशातल्या सयाजी ऊ बा खिन यांच्या परंपरेतून आलंय. ऊ बा खिन हे तिथले महालेखापाल होते. त्यांच्याकडे १९५५ मध्ये अर्धशिशीने हैराण झालेले एक व्यापारी शिकायला गेले, ते म्हणजे सत्यनारायण गोयंका. ते १९६९ साली भारतात आले आणि १९७६ मध्ये इगतपुरीचं केंद्र सुरू झालं. म्हणजे घरच्यांचं म्हणणं अगदीच चूक नाही, दोन्हीकडे एकच बियाणं आहे. पण गहू एकच म्हणून पोळी आणि शिरा एक होत नाहीत.

एमबीसीटीत त्या बियाण्यावर दुसरं कलम केलंय. टीसडेल, सीगल आणि विल्यम्स हे तिघे नैराश्याचे अभ्यासक. १९९० च्या दशकात त्यांना एवढाच प्रश्न सोडवायचा होता: बरा झालेला माणूस पुन्हा आजारी का पडतो? त्यांचं निरीक्षण असं की नैराश्य येऊन गेलेल्या माणसाचा मूड साधा खाली गेला, तरी त्या मूडबरोबर जुन्या विचारांचं सगळं बाड उघडतं. आणि मग तो उगाळत बसतो. ‘मी असा का?’ याचं उत्तर शोधतोय असं त्याला वाटतं, प्रत्यक्षात चंदनासारखं उगाळणं चाललेलं असतं आणि झिजतो तोच.

जवळून बघा. शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला मॅनेजरचा मेसेज येतो, ‘सोमवारी बोलू.’ पोटात खड्डा पडतो. लगेच: माझंच काहीतरी चुकलंय. मागच्या वेळीही असंच झालं होतं. मी या कामाच्या लायकीचाच नाही. शनिवार पंख्याकडे बघत जातो, रविवारी मित्राचा फोन उचलला जात नाही. मेसेज दोन शब्दांचा होता, बाकीचं सगळं घरचं होतं.

इथे एमबीसीटी ‘तीन मिनिटांची मोकळीक’ वापरते. पहिलं मिनिट: आत्ता काय आहे ते शब्दांत सांगा. ‘“मी लायकीचा नाही” असा विचार आलाय. भीती आहे. पोट आवळलंय, जबडा घट्ट आहे.’ दुसरं मिनिट: सगळं लक्ष एका जागी गोळा करा, श्वासावर किंवा तुमच्या बाबतीत तळव्यांवर. तिसरं मिनिट: ते लक्ष पसरवत पूर्ण शरीरावर न्या, चेहरा, खांदे, बसण्याची ढब. मग विचारा, आता काय करू? उत्तर छोटं असावं: खाली उतरून भाजी आणतो, आंघोळ करतो, फोन करतो. लोक पहिलं मिनिट गाळतात आणि थेट श्वासाकडे पळतात, कारण भीतीला नाव देणं नकोसं वाटतं. मग ही मोकळीक न राहता पळवाट होते आणि चार दिवसांत ‘याचा उपयोग नाही’ म्हणून सुटते. ‘मी लायकीचा नाही’ आणि ‘मी लायकीचा नाही असा विचार आलाय’ यातला फरक वाचताना फालतू वाटतो. संध्याकाळी साडेसहाला तो खूप मोठा असतो.

आता आकडे, कारण तुमच्या डॉक्टरांशी बोलताना ते लागतील. २००० सालच्या पहिल्या मोठ्या चाचणीत १४५ रुग्ण होते. तीन किंवा जास्त वेळा नैराश्य आलेल्यांमध्ये साठ आठवड्यांत आजार उलटण्याचं प्रमाण नेहमीच्या उपचारांत ६६ टक्के होतं, एमबीसीटी घेतलेल्यांत ३७ टक्के. २००४ च्या दुसऱ्या चाचणीत तेच ७८ आणि ३६. पण दोनदाच आजारी पडलेल्यांना दोन्ही चाचण्यांत फायदा दिसला नाही. त्यांचा आजार उशिरा सुरू झालेला आणि बहुधा एखाद्या मोठ्या घटनेनंतर उलटलेला होता, आतल्या आत उगाळण्यातून नव्हे.

म्हणून आधी तुमचे दोन खरंच दोनच आहेत का ते मोजा. बारावीनंतर किंवा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला दोन-तीन महिने खोलीबाहेर पडावंसं वाटत नव्हतं, भूक-झोप गेली होती, घरच्यांनी ‘वयच तसं असतं’ म्हणून सोडून दिलं, असं काही? बऱ्याच जणांचा पहिला झटका असाच बिनमोजणीचा राहतो. आणि दोन्ही वेळा नेमकं काय घडल्यावर नैराश्य आलं तेही लिहून काढा. नोकरी जाणं, घटस्फोट, मृत्यू यानंतर आलं असेल तर त्या विषयावरची सरळ समोरासमोरची थेरपी आधी. कारण काही सापडत नसताना हळूहळू उतरत गेला असाल तर डॉक्टरांचा सल्ला बरोबर वाटतो.

गोळीचं: २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या ब्रिटनमधल्या चाचणीत ४२४ जण होते. दोन वर्षांत आजार उलटला तो एमबीसीटी घेऊन गोळी हळूहळू कमी केलेल्यांत ४४ टक्के, गोळी चालू ठेवलेल्यांत ४७ टक्के. म्हणजे कोर्स गोळीपेक्षा सरस ठरला नाही, तोडीचा पर्याय ठरला. दोन्हीकडे चाळिसाच्या वर टक्के लोक पुन्हा आजारी पडले, हेही विसरू नका. कोर्सच्या आठ आठवड्यांत डोसला हात लावू नका. एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या तर काय कशामुळे झालं ते कळत नाही.

इगतपुरी. पहाटे चारला घंटा, रात्री साडेनऊला दिवे बंद, रोज साधारण दहा तास बैठक. पहिले तीन दिवस श्वास, चौथ्या दिवसापासून अंगभर संवेदना. जवळजवळ शेवटपर्यंत मौन, फोन-वाचन-लेखन बंद. एमबीसीटीत आठवड्याला दोन तासांचं सेशन आणि घरी आठवड्यातले सहा दिवस रोज पाऊण तासापर्यंत, म्हणजे दोन महिन्यांत सगळं मिळून पन्नासेक तास. शिबिरात दहा दिवसांत शंभर. औषध तेच म्हटलं तरी डोस बघा. शिवाय मध्येच जुने विचार उसळले तर एमबीसीटीत त्यावर बोलायला प्रशिक्षित माणूस आणि गट असतो. शिबिरातले आचार्य साधनेपुरते प्रश्न घेतात, ती थेरपी नव्हे आणि तसा त्यांचा दावाही नाही. केंद्रंच सांगतात की विपश्यना मानसोपचाराला पर्याय नाही आणि गंभीर मानसिक आजार असलेल्यांनी येऊ नये. अर्जात आजार आणि औषधं विचारतात. ते लपवू नका आणि प्रवेश मिळावा म्हणून गोळी तर अजिबात बंद करू नका. सगळ्यात वाईट घोटाळे इथेच होतात: गोळी अचानक सुटते, झोप कमी होते, त्यात मौन. दोन ध्रुवी आजार (बायपोलर: कधी नैराश्य, कधी उन्माद) असलेल्याला यातली एकटी झोपसुद्धा उन्मादात ढकलायला पुरते. घरात कोणाला तो आजार असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.

माझं मत: आत्ता शिबिर नको. कोर्स पूर्ण झाला, त्यानंतर सहा-आठ महिने स्थिर गेले, रोजची बैठक टिकली आणि तरी जावंसं वाटलं, तर डॉक्टरांना विचारून जा. तेव्हा पुण्यातच स्वारगेटला किंवा आळंदीजवळ मरकळला याच परंपरेची केंद्रं आहेत.

कोर्स निवडताना ‘माइंडफुलनेस कोच’ या पाटीवर जाऊ नका. शिकवणारी व्यक्ती आरसीआयकडे (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया) नोंदलेली क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट किंवा मानसोपचारतज्ज्ञ असावी आणि स्वतः रोज बसणारी असावी, हे सरळ विचारायला संकोच नको. गट बाराच्या आसपास. सुरू होण्याआधी प्रत्येकाशी एकट्याने बोलणं व्हायला हवं. ते न करता फी भरून घेणाऱ्याकडे जाऊ नका. सूचना मराठीत मिळाल्या तर उत्तम, कारण ‘अलाउ इट टु बी’ हे कानाला गोड लागतं, पण ‘असू दे’ हे आत पोचतं. आणि शनिवारची बॅच मिळत असेल तर ती घ्या, कामाच्या दिवशी हिंजवडीहून सातच्या सेशनला वेळेवर पोचणं हाच एक वेगळा ताण आहे.

मध्येच मूड खरोखर घसरला, पहाटे तीन-चारला जाग येऊन झोप न लागणं सलग आठवडाभर चाललं, मरणाचे विचार आले, तर बैठक थांबवा आणि डॉक्टरांना गाठा. खोल नैराश्यात एकटं बसून मन बघत राहणं उगाळण्यालाच खतपाणी घालतं. त्या काळात चालणं, माणसं आणि औषध. रात्री-अपरात्री कोणी मिळालं नाही तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. तो आत्ताच फोनमध्ये सेव्ह करा आणि घरात आणखी एकाच्या फोनमध्येही करून ठेवा.